आरोग्य प्रश्नोत्तरे : औषधभारित मच्छरदाणी आणि हिवताप

आषाढाची पहिली झड लागली की आमच्या टपालाचा रंग बदलतो. उन्हाळ्यात उष्माघात आणि मूतखडा यांविषयी विचारणारे वाचक ताप आणि डासांकडे वळतात. या वेळच्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत मच्छरदाणीचा, त्यातही औषध लावलेल्या मच्छरदाणीचा विषय होता, म्हणून सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रे थोडक्यात घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा गडचिरोली जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला आहे. तेथे त्याला एक निळी मच्छरदाणी मिळाली असून ती औषधाची आहे, असे त्याला सांगण्यात आले. तिची भोके मला मोठी वाटतात. घरी बारीक विणीची, सुती, धडधाकट मच्छरदाणी असताना त्याने ही जाळी का वापरावी?
— एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपली सुती मच्छरदाणी वाईट नाही, चिरंजीव सुटीत घरी येतील तेव्हा ती त्यांना खुशाल लावून द्यावी. परंतु तिचे काम नुसत्या भिंतीचे आहे. झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला की डास बाहेरूनच सोंड खुपसतो, आणि गादीखाली खोचलेली कड पहाटे निघून आली की आत शिरलेला डास सकाळपर्यंत आपल्याबरोबरच मुक्काम करतो. औषधभारित मच्छरदाणीत त्या भिंतीलाच विष असते.

हे विष पायरेथ्रॉइड गटातील असते आणि लेबलवर ते डेल्टामेथ्रिन, अल्फा-सायपरमेथ्रिन किंवा परमेथ्रिन अशा नावांनी लिहिलेले आढळते. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम नावाच्या फुलांत जे कीटकनाशक द्रव्य निसर्गतः असते, त्याचीच ही कारखान्यात तयार केलेली भावंडे होत. पूर्वी साधी मच्छरदाणी औषधाच्या पाण्यात बुडवून वाळवीत असत आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ती पुन्हा बुडवावी लागे. गावात बादल्या मांडून हा कार्यक्रम होई. पहिल्या खेपेला गर्दी जमे आणि दुसऱ्या खेपेला कोणी फिरकत नसे. आताच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्यांत औषध धाग्यातच मिसळलेले किंवा धाग्यावर पक्के बसवलेले असते, त्यामुळे ती पुन्हा बुडवण्याची गरज राहत नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात अशा मच्छरदाण्या २००९ पासून वाटल्या जात आहेत.

भोकांविषयीची आपली शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर डासाच्या वागण्यात सापडते. निजलेल्या माणसाचा उच्छ्वास आणि अंगाची ऊब वर चढते, म्हणून डास बहुतेक वेळा मच्छरदाणीच्या छतावर, छातीच्या वरच्या भागात, घिरट्या घालतो. हिवतापाचा डास, म्हणजे अ‍ॅनॉफिलीसची मादी, डोके खाली आणि पोटाचा भाग वर अशी तिरपी बैठक घेऊन तेथे बसतो आणि आत जाण्याची वाट शोधत जाळीवर इकडून तिकडे चालतो. या चालण्यातच औषध त्याच्या पायांना लागते, त्याचे चेतातंतू अनावर होतात, पाय लुळे पडतात आणि तो खाली कोसळतो. सकाळी अंथरुणाच्या कडेला जमिनीवर पडलेले डास दिसतात ते असे. ज्याला विषाची पुरेशी मात्रा लागत नाही तो बिथरून निघून जातो. भोकातून आत जाण्याआधीच हे सगळे घडत असल्यामुळे जाळी फार बारीक ठेवण्याची गरज उरत नाही, आणि जाळी मोकळी असली की हवा खेळते.

यापुढचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेला डास लगेच रोग पसरवू शकत नाही. जंतू त्याच्या पोटातून वाढत वाढत लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला साधारण दहा दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात मादीला अंडी घालण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी रक्त लागते, म्हणजे रोग पसरवण्याइतके वय होईपर्यंत तिला निदान तीन-चार वेळा माणसांच्या किंवा गुरांच्या जवळ जावे लागते. वस्तीतल्या बहुतेक घरांत औषधाची मच्छरदाणी रोज लागत असेल, तर यांपैकी कुठल्या ना कुठल्या फेरीत ती विषाच्या जाळीवर बसते आणि जंतू पक्व होण्याआधीच मरते. साध्या मच्छरदाणीवरून उठलेला डास शेजारच्या उघड्या खाटेकडे जातो. औषधभारित मच्छरदाणी मात्र जिच्या घरी मच्छरदाणीच नाही त्या शेजारणीच्या लेकरालाही थोडे संरक्षण देते.

गॅम्बिया, घाना, केनिया आणि बुर्किना फासो या आफ्रिकी देशांत १९८० ते २००० च्या दरम्यान गावेच्या गावे घेऊन याची चाचणी झाली. मच्छरदाणी मुळीच नसलेल्या गावांच्या तुलनेत औषधभारित मच्छरदाण्या मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी आणि हिवतापाचे आजार जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. डासामार्फत हिवताप पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत मिळाला. जाळीला औषध लावून ती लाखो घरांत पोहोचवायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली, याचे मला अजूनही नवल वाटते.

प्रश्न : कुरखेडा तालुक्यात आमची धानाची शेती आहे. रानडुकरांमुळे भाऊ आणि मी आळीपाळीने जागलीला जातो आणि रात्री मचाणावरच पडतो. मिळालेल्या दोन मच्छरदाण्या घरी बायकापोरांसाठी लावल्या आहेत. जागलीवर काय करावे?
— एक शेतकरी, जिल्हा गडचिरोली

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न मच्छरदाणी वाटणाऱ्यांनी आधी विचारायला हवा होता. धानाच्या बांध्यांत साचलेले स्वच्छ पाणी आणि नाल्याकाठची डबकी ही ग्रामीण भागात हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस या डासाची जन्मस्थाने आहेत, आणि डोंगरपायथ्याच्या वाहत्या झऱ्यांच्या काठाला अ‍ॅनॉफिलीस फ्लुविॲटिलिस वाढतो. मचाणावर झोपणारा माणूस या डासांच्या दारातच झोपलेला असतो. घरी मच्छरदाणी आहे आणि घरचा कर्ता तिच्याबाहेर रात्र काढतो आहे, अशी स्थिती असेल तर तो कर्ताच हिवताप घरी आणतो.

म्हणून मचाणासाठी तिसरी मच्छरदाणी वेगळी ठेवावी. साधारणपणे दोन माणसांमागे एक मच्छरदाणी असा हिशेब धरतात. घरात पाच माणसे असतील तर तीन लागतात, आणि जागलीची त्यावर एक. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ही मागणी स्पष्ट शब्दांत नोंदवावी. मचाणाच्या चार कोपऱ्यांना चार बांबू उभे करून मच्छरदाणीचे बंद त्यांना बांधावेत, कड चटईखाली पुरती खोचावी आणि पहाटे ती उतरवून, घडी करून सावलीत ठेवावी, कारण दिवसभर उन्हात टांगलेल्या जाळीतील औषध लवकर नष्ट होते. जे तास जागून काढायचे असतात त्या तासांत मच्छरदाणी उपयोगी पडत नाही. तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट आणि उघड्या अंगाला डास दूर ठेवणारे मलम एवढाच उपाय आहे. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराने डासांचा त्रास काहीसा कमी होतो, पण हिवतापापासून वाचण्यासाठी त्यावर विसंबू नये. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्कामाला जाणाऱ्यांनीही घरची मच्छरदाणी सोबत न्यावी.

माझ्या नोकरीच्या काळात अशाच एका गावात नवी कोरी मच्छरदाणी मला पेटीत, लुगड्यांच्या घड्यांखाली ठेवलेली दिसली होती. त्या माऊलीला कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘चांगली वस्तू हाये जी, पाहुणे आले का काढतो.’ तिच्या मनातली त्या वस्तूची किंमत आमच्या खात्याच्या नोंदवहीतल्या किमतीपेक्षा अधिकच होती, म्हणून मला रागावता आले नाही. पण त्याच घरातला मुलगा त्या दिवशी तापाने फणफणत होता.

ताप आला तर चोवीस तासांच्या आत रक्त तपासून घ्यावे. आशाताईंकडील तपासणी किटवर बोटाच्या एका थेंबातून पाव-अर्ध्या तासात निदान होते आणि उपचार विनामूल्य असतात. गडचिरोलीच्या भागात प्लाझमोडियम फाल्सिपेरम या जंतूचा हिवताप बराच आढळतो. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ‘दोन दिवस वाट पाहू’ हे धोरण तेथे परवडणारे नाही.

प्रश्न : नागपूरच्या उकाड्यात मच्छरदाणीत जीव गुदमरतो. कूलर लावला तरी हवा आत येत नाही असे यजमानांचे म्हणणे आहे आणि ते रात्री मच्छरदाणी भिरकावून देतात. काही उपाय आहे का?
— एक गृहिणी, नंदनवन, नागपूर

उत्तर : मच्छरदाणी मिळूनही लोक ती का वापरत नाहीत, याची अनेक देशांत पाहणी झाली आहे आणि उकाडा हे सर्वांत वारंवार सांगितले गेलेले कारण आहे. तेव्हा आपल्या यजमानांना दोष देण्याचे कारण नाही. सुती मच्छरदाणी असेल तर ती बदलून पॉलिस्टरची किंवा पॉलिथिलीनच्या धाग्याची मोकळ्या जाळीची घ्यावी; फरक पहिल्याच रात्री जाणवतो. मच्छरदाणी उंच आणि ताणून बांधावी. छताची झोळी झाली की ती तोंडावर येते आणि गुदमरल्यासारखे वाटते, आणि ढिली जाळी पंख्याच्या वाऱ्याने अंगाला चिकटते ती वेगळीच. कूलर खिडकीत असेल तर खाट अशी फिरवावी, की वारा पायांकडून डोक्याकडे वाहील आणि मच्छरदाणीच्या लांब बाजूवर न आदळता तिला समांतर जाईल. मे महिन्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी चार कोपऱ्यांना रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट ओतून बांबू रोवावेत. जुन्या वस्त्यांत ही सोय अजूनही दिसते.

कूलरचा विषय निघालाच आहे तर त्याची दुसरी बाजूही सांगतो. कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करणे, म्हणजे कोरडा दिवस पाळणे, आपल्याला माहीत असेल. पण पाणी ओतून दिले की काम संपत नाही. डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून टाकीच्या आतील भिंती काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासाव्यात, आणि दिवाळीनंतर कूलर गच्चीवर टाकून देण्याआधी हे काम न चुकता करावे. लोक सगळ्यात जास्त आळस करतात तो येथेच, आणि त्यात आमचे घरही आले.

प्रश्न : माझे बाळ पाच महिन्यांचे आहे. औषधाच्या मच्छरदाणीत त्याला झोपवणे सुरक्षित आहे का? ते जाळी तोंडात घालते.
— एक आई, कामठी

उत्तर : सुरक्षित आहे. मच्छरदाणीवरील औषधाची मात्रा ठरवताना जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिलेल्या तपासणीत, तान्हे बाळ जाळी चोखेल, ती त्याच्या अंगाला लागेल आणि ते तिच्या आत रोज श्वास घेईल, या सर्व गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. तरीही जाळी चोखू देण्यात शहाणपण नाही. ती ताणून बांधली आणि कड गादीखाली खोचली की बाळाच्या हाती लागत नाही. नवी मच्छरदाणी पाकिटातून काढल्यावर चोवीस तास सावलीत, वाऱ्यावर टांगून मगच वापरावी. तसे न केल्यास पहिल्या एक-दोन रात्री शिंका येतात किंवा चेहऱ्यावर मुंग्या आल्यासारखे चुरचुरते. हा त्रास आपोआप थांबतो. पाकीट हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत. गर्भवतीनेही ही मच्छरदाणी अवश्य वापरावी, कारण गरोदरपणातील हिवतापाने आईला रक्तक्षय होतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मते.

खरी काळजी घ्यायची ती विस्तवाची. हा धागा कृत्रिम असल्यामुळे ठिणगी लागली की वितळतो. वीज गेल्यावर मच्छरदाणीजवळ मेणबत्ती किंवा कंदील ठेवू नये, उदबत्ती आणि डास पळवणारी कॉइल लांब ठेवावी, आणि आजोबांनी विडी मच्छरदाणीच्या बाहेर, खरे तर घराच्याही बाहेर, ओढावी.

प्रश्न : आमच्याकडे मच्छरदाणी दर रविवारी कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवून, घाटावर नेऊन धुतात आणि कडक उन्हात वाळवतात. सासूबाईंच्या मते स्वच्छता असली की रोग येत नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मौदा

उत्तर : सासूबाईंचा स्वच्छतेचा आग्रह मी डोक्यावर घेतो, पण या एका वस्तूपुरता त्यांनी हात आखडता घ्यावा. दीर्घकाळ टिकणारी मच्छरदाणी सुमारे २० वेळा धुणे आणि सुमारे ३ वर्षांचा वापर यांत गुणकारी राहावी, अशा अपेक्षेने बनवलेली असते. दर रविवारी धुतली तर ३ वर्षांची मच्छरदाणी पाच महिन्यांत संपली. त्यानंतर आपण फक्त जाळीत झोपता. धूळ बसली तर ती बाहेर नेऊन झटकावी. तीन-चार महिन्यांतून एकदा, किंवा चुलीच्या काजळीने ती खरोखरच मळली तर त्याआधी, थंड पाण्यात साध्या साबणाच्या वडीने हलक्या हाताने धुवावी. भिजत घालू नये, दगडावर आपटू नये, ब्लीचिंग पावडर किंवा सोडा लावू नये, गरम पाणी वापरू नये. वाळत घालायची तर सावलीत, कारण आपल्याकडचे ऊन जाळीतील औषधाला डासापेक्षा मोठा शत्रू आहे.

घाटावर धुण्याचे मात्र ताबडतोब थांबवावे. पायरेथ्रॉइड माणसाला आणि गुरांना फारसे बाधत नसले तरी मासे आणि पाण्यातील इतर जीव त्याच्या अगदी थोड्या मात्रेने मरतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते विहिरींत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडते. त्याच पाण्यात आपण मच्छरदाणी खळबळून धुतली, तर डास मारण्याच्या साधनाने डास खाणाराच मरतो. मच्छरदाणी घरी टबात धुवावी आणि ते पाणी विहीर, तलाव आणि कोंबड्यांच्या वाटेपासून दूर, कोरड्या मातीत ओतावे.

भोक पडले तर मच्छरदाणी टाकू नये. औषध टिकून असेपर्यंत बोटाएवढ्या छिद्रामुळे ती निकामी होत नाही, तरी सुईदोऱ्याने ते त्याच दिवशी टाचावे, आणि छिद्र छताला असेल तर आधी तेच, कारण डासाची वर्दळ तेथे अधिक असते.

प्रश्न : मी वर्षभर मच्छरदाणीत झोपतो, तरीही मागच्या वर्षी मला डेंग्यू झाला. मग तिचा उपयोग काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे आपण वर्गात किंवा चहाच्या टपरीवर असता तेव्हा. रात्रीची मच्छरदाणी त्याच्या वाटेत येत नाही. हिवतापाचा अ‍ॅनॉफिलीस आणि हत्तीरोगाचा क्युलेक्स हे दोघे रात्रीचे. पूर्व विदर्भात हत्तीरोगही आहे, हे लक्षात घेता आपली मच्छरदाणी वाया गेलेली नाही. दुपारी झोपणारी लहान मुले, आजारी माणसे आणि डेंग्यूचाच तापकरी यांनी दिवसाही मच्छरदाणीत झोपावे.

प्रश्न : एटापल्ली तालुक्यात सर्वेक्षणाच्या कामावर असताना मला मलेरिया झाला. गोळ्या घेऊन बरा झालो. नागपूरला परतल्यावर रोज औषधाच्या मच्छरदाणीत झोपत असूनही तीन महिन्यांनी पुन्हा ताप आला आणि रक्तात तोच मलेरिया निघाला. मच्छरदाणी बनावट आहे का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मच्छरदाणीवर संशय घेण्याआधी आपला पहिला रिपोर्ट काढून पाहावा. त्यावर प्लाझमोडियम व्हायव्हॅक्स असे लिहिलेले असेल, तर दुसऱ्या तापासाठी नवा डास चावण्याची गरज नव्हती. या जातीचे काही जंतू यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात. क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात आणि ताप उतरतो. यकृतातल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी गेला, तोंडाची चव आली, की उरलेल्या गोळ्या टेबलाच्या खणात राहतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. आपल्या बाबतीत तसे झाले असेल असे मी गृहीत धरत नाही, पण आठवून पाहावे.

प्रायमाक्विन मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नये. काहींच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असते आणि त्यांच्यात या गोळ्यांनी रक्तपेशी फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना ही गोळी देत नाहीत. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत जुना रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांचे पाकीट घेऊन जावे. मच्छरदाणी वापरत राहावी, कारण आपल्या रक्तात जंतू असताना ती शेजाऱ्यांना आपल्यापासून वाचवते. हिवताप पसरवणारा शहरी डास, अ‍ॅनॉफिलीस स्टिफेन्सी, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीतही वाढतो, त्यामुळे नागपुरात असा रुग्ण असणे आणि वरची टाकी उघडी असणे या दोन्ही गोष्टी एका इमारतीत असू नयेत.

प्रश्न : गांधीबागेतून घडीची, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घेतली. दुकानदार तिला औषध लावलेले आहे असे म्हणतो. ते कसे ओळखावे? आणि डासांना या औषधाची सवय होते असे वाचले, ते खरे आहे का?
— एक सेवानिवृत्त कर्मचारी, इतवारी, नागपूर

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. कीटकनाशक असलेली कोणतीही वस्तू भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करूनच विकता येते. पाकिटावर औषधाचे नाव, त्याचे प्रमाण, नोंदणी क्रमांक आणि निर्मितीची तारीख नसेल, तर ती साधी मच्छरदाणी समजावी. बाजारातल्या छत्रीवजा मच्छरदाण्या बहुधा साध्याच असतात. हाताने चोळून किंवा वास घेऊन औषध ओळखता येत नाही, दुकानदार काहीही म्हणो. साधी निघाली म्हणून ती परत करण्याचे कारण नाही. नागपूर शहरात नीट खोचलेली साधी मच्छरदाणीही डास अडवतेच.

दुसरा भाग गंभीर आहे. राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या लाखापर्यंत खाली आली होती. १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. डीडीटीला न जुमानणारे डास हे त्यामागचे एक कारण होते, यंत्रणेची ढिलाई हे दुसरे. पायरेथ्रॉइडच्या बाबतीतही असे डास अनेक देशांत आढळले आहेत. त्यावर दोन तोडगे निघाले आहेत. पहिल्यात पायरेथ्रॉइडसोबत पिपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळतात. हे द्रव्य डासाची विष पचवण्याची शक्ती निकामी करते. दुसऱ्यात क्लोरफेनापिर नावाचे, चेतातंतूंऐवजी डासाच्या पेशींची ऊर्जा तोडणारे औषध जोडीला असते. या दुसऱ्या प्रकारच्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. डास औषधाला बधला नाही तरी अखंड जाळी त्याला अडवतेच, म्हणून औषध निकामी झाल्याच्या नुसत्या बातमीवरून मच्छरदाणी सोडून देणे चुकीचे ठरेल. २०२७ पर्यंत देशात स्थानिक लागणीचा एकही रुग्ण नसावा आणि २०३० पर्यंत निर्मूलन व्हावे, असे सरकारने ठरवले आहे. त्यात या नव्या जाळ्यांना जागा मिळेल असे मला वाटते.

प्रश्न : चार वर्षे जुनी, फाटलेली औषधाची मच्छरदाणी वांग्याच्या रोपांवर झाकावी का, की दिराला मासे धरायला द्यावी?
— एक शेतकरी महिला, कुही

उत्तर : मासे धरायला मुळीच देऊ नये. उरलेसुरले औषधही तलावातल्या मासोळ्या आणि त्यांची पिल्ले मारते, आणि जाळीची भोके इतकी लहान असतात की पिल्लूही सुटत नाही. भाजीच्या रोपांवरही घालू नये, कारण ती भाजी घरात शिजते. नवी मच्छरदाणी हाती येईपर्यंत जुनी टाचून वापरत राहावी. नवी आल्यावर जुन्या जाळीचे धड तुकडे ठिगळांसाठी कापून ठेवावेत आणि बाकीची जाळी सुक्या कचऱ्यात द्यावी. ती जाळू नये आणि पाण्यातही टाकू नये. मच्छरदाणी ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते ती जाड आणि टिकाऊ असल्याने बायका ती डाळ-तांदूळ भरायला जपून ठेवतात. त्या पिशवीच्या आतल्या बाजूला औषध लागलेले असते, तेव्हा तिच्यात धान्य भरू नये.